निजून निवडलेला पिंजरा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बावळट आहे, असं मी आठ वर्षं येईल त्याला सांगत होते. परसराम त्याचं नाव. काही विचारलं की उत्तर द्यायला हा माणूस इतका वेळ घ्यायचा, की विचारणाऱ्यानं तोवर आंघोळ उरकून यावं. माझा स्वभाव पडला तापट. मला उत्तर हातोहात लागतं. त्यामुळे मनकर्णेच्या लग्नापासून मी या जावयावर रुसूनच होते. तो रुसवा छप्पन साली, एका पिंजऱ्यापायी गेला. कौतुक करायची मला सवय नाही, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही कोहळी. गावोगावचे तलाव बांधणं हे आमच्या बापजाद्यांचं काम. परसरामही धानाची शेती सांभाळून तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालायचा, फुटल्या तर बुजवायचा. त्या वर्षी पोळ्यानंतर दवनीवाड्याच्या बाजूच्या एका तलावावर तो असाच कामाला होता. मनकर्णा त्याची शिदोरी घेऊन निघाली आणि ओल्या पाळीवरून घसरून खाली दगडावर पडली. मांडीचं हाड मोडलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, तीन महिने उताणं पडून राहायचं, कूस बदलायची नाही.

घरात दुसरी बाई नव्हती. सासू दोन वर्षांपूर्वी गेलेली, लेकरू अजून नव्हतं. म्हणून मी देवरीहून माझं घर जावेवर टाकून आले. पाहते तर मनकर्णा बाजेवर टाकलेल्या फळ्यांवर पडलेली आणि मान भिंतीकडे. ही माझी बहीण रोवणीत चार बायांच्या पुढं असायची, बांधावर बसून गप्पा मारणाऱ्यांना हसत हसत चिखल फेकून मारायची. आता तिला विचारलं, भात खातेस का, तर "नको." पाणी देऊ का, तर "ठेव." कण्हणं नाही, रडणं नाही, काहीच नाही. दुसरा महिना लागला तसे तिच्या गळ्याखालचे खळगे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळून येतंय, पण बाईनं खाल्लं नाही तर हाड जुळून उपयोग काय? मला धडकी भरली. माझी बहीण माझ्या डोळ्यांदेखत संपत होती आणि तिचा नवरा ओसरीवर बसून दोर वळत होता.

मी आमच्या भावाला, सुकरामला निरोप धाडला. माहेर चारच कोसांवर. म्हटलं, आपल्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, झाली की पौर्णिमेच्या आत बैलगाडी घेऊन ये, हिला घेऊन जाऊ. इथं ही जगत नाही. मनकर्णेला विचारलं, तर ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "न्या. यायलेबी मोकरं वाटन." म्हणजे नवऱ्याला. आपण त्याच्या गळ्यातलं लोढणं झालो, असं तिनं मनात घेतलं होतं. परसराम दारातच होता. त्यानं ऐकलं. मी वाट पाहिली, की आता तरी काही बोलेल. तो खाली मान घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी एका फुटक्या पाळीच्या कामाला चार दिवसांसाठी निघून गेला. मी त्याला मनातल्या मनात जे जे म्हटलं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

तो गेला त्याच दिवशी शेजारचा दुधराम टोपलीवर फडकं बांधून आला. हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलं होतं आणि त्यावर मुनियांचे थवे उतरत होते. त्यातल्या दोन जोड्या त्यानं जाळ्यात धरल्या होत्या. अंगठ्याएवढी पाखरं. नर लालभडक, अंगावर पांढरे ठिपके, आणि आवाज इतका बारीक की कान द्यावा लागे. दुधरामनं फडकं जरा उचललं, तशी मनकर्णेची मान हलली. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं भिंत सोडून दुसरीकडे पाहिलं. मला आणखी काय हवं होतं? दुधरामच्या आईला, सावित्रीबाईला घरात बसवलं आणि दुधरामच्या गाडीत बसून मी थेट गोंदियाचा बाजार गाठला.

पिंजऱ्यांची रांग होती आणि मी त्यातला सगळ्यांत देखणा उचलला. उंच, गोल, वर देवळासारखा कळस, त्याला हिरवा रंग, खाली जाड लाकडाची फळी, मधोमध झोका. दुकानदार म्हणाला, "बाईजी, ऐसा पिंजरा पूरे गोंदिया में नहीं मिलेगा." मी फुशारून घरी आले. पाखरं आत सोडली, तर पाहता पाहता एक मुनिया दोन तारांमधून चालत बाहेर आली आणि आढ्यावर जाऊन बसली. पिंजरा पोपटाचा होता! तिला धरता धरता मी आणि सावित्रीबाई घामाघूम झालो. पण मी हार मानणारी नव्हे. माझ्या जुन्या लुगड्याचं पातळ फडकं काढलं आणि पिंजऱ्याला चहूबाजूंनी शिवून टाकलं. मग मांजराच्या भीतीनं तो उंच, बाजेच्या बरोबर वर, आढ्याला टांगला. म्हटलं, पडल्या पडल्या डोळे उघडले की समोर पाखरं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला हाये, बाई," मनकर्णा म्हणाली.

दोन दिवस ती वर पाहत होती. तिसऱ्या दिवशी मान पुन्हा भिंतीकडे. मला असा राग आला म्हणता! एवढी धावपळ केली, लुगडं फाडलं, आणि हिला पाखरांचंही कौतुक नाही. मी तिला तसं बोलूनही दाखवलं.

चौथ्या दिवशी दुपारी परसराम परतला. पाय धुतले, आत आला, बाजेजवळ उभा राहिला. पिंजऱ्याकडे पाहिलं, मनकर्णेकडे पाहिलं, परत पिंजऱ्याकडे पाहिलं. आणि मग तो बाजेशेजारी जमिनीवर चक्क उताणा निजला. आमच्यात आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिच्यासमोर जावई बाजेवरसुद्धा बसत नाही, बोलायचं तर तोंड बाजूला करून बोलतो. आणि हा माझ्या पायांशी हातपाय ताणून पडला! मी पदर सावरून बाहेर पळणार होते, तेवढ्यात तो उठून बसला. तोंड बाजूला करून म्हणाला, "बाई, हितून नुस्ती फरी दिसते."

तो बाहेर गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि त्याच जागी आडवी झाले. खरंच, नुसती फळी. तिचे चार खिळे, एक पाण्याचा डाग, आणि भोवती माझ्या लुगड्याची झालर. पाखरं कुठंच नाहीत. वर कुठंतरी बारीक चिवचिव ऐकू येत होती इतकंच. माझ्या बहिणीनं दोन दिवस त्या फळीकडे पाहिलं होतं आणि माझं मन राखायला "चांगला हाये" म्हणाली होती. वर मी तिलाच बोलले होते. मी तिथं जमिनीवर पडूनच तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी परसराम म्हणाला, "गोंदियाले चालता का, बाई? पिंजरा बदलू." मी मुकाट्यानं गाडीत बसले.

बाजारात काय झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. रांगेतल्या पहिल्या दुकानासमोर पिंजरे टांगलेले. परसरामनं पागोटं काढून हातात घेतलं आणि भर रस्त्यात, त्या धुळीत, पिंजऱ्याखाली निजला. खालून पाहिलं, कुशीवर होऊन पाहिलं, उठला, पुढच्या पिंजऱ्याखाली निजला. माणसं जमली. कुणी म्हणालं, "क्या भैया, तबीयत खराब है क्या?" कुणी म्हणालं, "सुबह सुबह चढ़ा ली." मी चार पावलं दूर जाऊन बांगड्यांच्या दुकानाकडे पाहत उभी राहिले, जसा काही हा माणूस माझा कुणी लागतच नाही.

दुकानदार चिडून म्हणाला, "अरे, पिंजरा चिड़िया के लिए ले रहे हो कि अपने लिए?"

परसरामनं नेहमीसारखा वेळ घेतला. मग धुळीतूनच म्हणाला, "पाहनारी निजून हाये."

हे ऐकलं आणि मला माझे वडील आठवले. नवीन तलावाची जागा ठरवायची असली की मातीची पहिली टोपली पडण्याआधी ते तिथं जमिनीवर पालथे निजायचे, गाल मातीला लावायचे आणि एक डोळा मिटून पाहायचे. उभ्या माणसाला जमीन सपाट दिसते, उतार दिसतो तो निजलेल्याला, हे त्यांचं म्हणणं. कधी अर्धा दिवस तसेच पडून राहायचे. गावाला वाटायचं म्हातारा झोपला. पाणी मात्र ते म्हणतील तिथंच येऊन थांबायचं. आमच्या माणसांची ही रीत मी जन्मापासून पाहिलेली, आणि परसराम तेच करतोय हे मला कळलं नाही! मी बांगड्यांचं दुकान सोडलं आणि त्याच्याजवळ येऊन उभी राहिले. हसणाऱ्यांकडे असं पाहिलं, की दोघेतिघे निघूनच गेले.

त्या रांगेत काही जमलं नाही. सगळे पिंजरे उंच आणि सगळ्यांच्या तारा पोपटाच्या मापाच्या. रांगेच्या टोकाला शामकला नावाची बुरडीण सुपं, टोपल्या घेऊन बसायची. तिच्यामागं कामट्यांचे पाचसहा पिंजरे पडलेले. ही बाई परसरामला हसली नाही. पाखरू कोणतं, किती, पाहणारी कशी पडली आहे, बाज किती उंच, हे सगळं तिनं विचारून घेतलं आणि एक पिंजरा पुढं ओढला. लांबट, बसका, हातभर लांब आणि वीतभर उंच.

मी म्हटलं, "हा तर कोंबडीचा खुराडा वाटते."

परसराम म्हणाला, "मुनिया वर नाई उडत, बाई. हितून तिथं उडते." त्यानं बोट आडवं फिरवलं. "आन उशीवरून उंची कोनाले दिसते?"

मग त्यानं पिंजरा निवडायला घेतला. मी त्या दिवशी ते पाहिलं आणि थक्क झाले. करंगळीचं टोक प्रत्येक दोन कामट्यांमध्ये घालून पाहिलं; एका जागी ते आत गेलं, तिथं शामकलेनं मुकाट्यानं आणखी एक कामटी बसवली. आत हात घालून तळवा सगळीकडून फिरवला, एखादी फास, कामटीचं कुसळ, पाखराच्या पायाला लागेल म्हणून. पिंजरा काळ्या पागोट्यावर धरून आपटला. किडीची भुकटी पडली नाही. "बांबू कवाचा?" त्यानं विचारलं. "उन्हाऱ्यातला. अंधाऱ्या पाखात, अवसेच्या आदी तोडला, डोहात भिजवला. कीड लागली त पिंजरा माह्या डोक्यावर फोड," शामकला म्हणाली. दोघांचं चांगलं जमलं. पाखरांना बसायची मधली एकच जाड काडी काढायला लावून त्यानं दोन टोकांना दोन काड्या बसवून घेतल्या, एक बारीक, एक तिच्याहून जाड. मधली सगळी जागा उडायला मोकळी.

"पन तळाची फळी पाहिजेच," शामकलेनं बजावलं. "नाईतर सारी घान दुखनेकऱ्याच्या तोंडावर."

इथं परसराम अडला. फळी ठेवली तर खालून दिसत नाही. पिंजरा बाजेच्या बाजूला, उशीच्या उंचीवर ठेवला तर मांजर सोडणार नाही. तो किती वेळ उकिडवा बसून राहिला! इतर वेळी मी चिडले असते. त्या दिवशी मी शामकलेकडून तंबाखू मागून घेतली आणि शांत बसले. शेवटी त्यानं पिंजरा जमिनीवर ठेवला, शेजारी स्वतः निजला, गाल धुळीला टेकवला आणि कामट्यांमधून आरपार पाहिलं.

"हाच," तो उठत म्हणाला. "पाखराईले तिच्यापाशी उतरवू. आन मांजर आली का वर."

घरी येऊन त्यानं आढ्याला, बाजेच्या बाजूला येईल अशी, एक लाकडी गडगडी, म्हणजे कप्पी, बसवली. तीवरून स्वतः वळलेला दोर घेतला. मी इतके दिवस शिव्या देत होते तोच दोर. एका टोकाला पिंजरा. दुसरं टोक मनकर्णेच्या उजव्या हाताशी, भिंतीतल्या खुंटीला. दोर सैल सोडला की पिंजरा खाली येऊन बरोबर तिच्या डोळ्यांसमोर थांबायचा, ओढला की वर आढ्याला. त्यानं एकदा करून दाखवलं, पिंजरा वर नेला, गाठ मारली आणि निघून गेला. कर, ओढ, पाहा, काही म्हणाला नाही.

मनकर्णेनं दोराला हात लावला नाही. संध्याकाळ झाली, सकाळ झाली. वर पाखरं चिवचिवत होती. मला कुठला दम? मी म्हटलं, मीच उतरवते, आणि खुंटीकडे हात नेला.

"बाई, हात नोका लावू," दारातून परसराम म्हणाला. आठ वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा असा बोलला. मी हात मागं घेतला. रागानं नाही, या माणसाला मी काय काय म्हटलं होतं, ते आठवून.

दुपारी मी चुलीशी होते, तर गडगडी कुरकुरली. डोकावून पाहिलं. मनकर्णेची मान भिंतीकडून वळली होती. दातांत ओठ धरून ती दोर हात हात सोडत होती, आणि पिंजरा हलत डुलत खाली येत होता. तो तिच्या डोळ्यांसमोर थांबला. चारही मुनिया एका काडीवर चिकटून बसलेल्या, तिच्यापासून वीतभर अंतरावर. मग एक लाल नर या टोकाहून त्या टोकाला उडाला, आणि तिची नजर त्याच्यामागं गेली. मी आत गेले नाही. अशा वेळी आत जाऊ नये, इतकं त्या दोन दिवसांत मीही शिकले होते.

पुढं ती दिवसातून दहा वेळा दोर सोडायची आणि ओढायची. पाखरांना कांग, म्हणजे राळ्याचे दाणे, घालताना माझ्याकडूनही दोन घास घ्यायला लागली. घेतले म्हणजे फार नव्हे. बोलायची तर अजूनही नाही. "गाडी कवा येते?" एवढंच एकदा तिनं विचारलं. मला वाटलं, हिचं मन माहेरीच लागलंय. परसरामनंही तिचा प्रश्न ऐकला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी सुकराम गाडी घेऊन आला. गाडीत तणसाची जाड गादी घातलेली, वर दोन घोंगड्या. मी मनकर्णेची वेणी घालायला तिला खिडकीकडे मान वळवायला सांगितलं. वेणी होईपर्यंत आमच्या पाठीमागं परसराम आत-बाहेर करत होता, मला वाटलं सामान नेतोय; मग अंगणात तो आणि सुकराम काही तरी बोलत होते. मग तिनं मान परत वळवली. हात सवयीनं खुंटीकडे गेला. खुंटीवर दोर नव्हता. वर पिंजरा नव्हता, गडगडीसुद्धा नव्हती.

"पिंजरा कोटी गेला?" ती म्हणाली.

परसराम दारात आला. "गाडीत ठेवला. गडगडीबी ठेवली हाये. सुकरामभाऊले समजावून सांगतलं, तिकडं कशी बसवाची ते." त्यानं रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. "तिकडं तुले पाखरं लागतीन ना."

मनकर्णा त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या नाकपुड्या फुगल्या. माझी बहीण रागावली की तशाच फुगतात. मी लहानपणापासून ओळखते.

"कोनाले इचारून ठेवला?"

परसराम वेळ घेऊ लागला.

"मी इचारून राहिली, कोनाले इचारून ठेवला?" आता ती ओरडलीच. अंगणात सुकराम दचकून उभा राहिला. "काल दुपारी तुमी कांग टाकलं, तवा का म्हनले? ह्या घरात पाखरं नांदली म्हनले. आन आज गाडीत? मले कोनी धाडून राहिलं का?"

"तूच म्हनली, न्या म्हनून," परसराम म्हणाला.

"म्हनली होती. तवा मी भिताडाले पाहून राहिली होती." तिला दम लागला, पण ती थांबली नाही. "आना तो पिंजरा. माह्या घरचा हाये तो. आदी गडगडी बसवा. दादा, बैल सोड, जेवल्याबिगर जाऊ नोको. बाई, तू काऊन रडून राहिली? तांदूर टाक चुलीवर, आन माह्या वाटनीचाबी टाक."

परसरामनं पागोट्यानं डोळे पुसले आणि गाडीकडे धावला. सुकरामनं बैल सोडले. मी रडत रडतच तांदूळ धुवायला घेतले, चौघांचे.